दहाची पाऊणकी साडेसात

हौसाबाई, परवा तुमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे मला म्हणाले, तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं. आमच्या मंडळातल्या एकीने तर कोपराने ढोसलंच. मी उठले, पदर सारखा केला, घसा खाकरला आणि पुन्हा खाली बसले. माइक दिसला की ज्या बाईच्या अंगात येतं, पेणच्या महिला मंडळात जिच्या हातून माइक काढून घ्यायला दोघी लागतात, त्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं. पहिली वेळ तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या कमरेपर्यंत समुद्र होता आणि माझं मनगट तुमच्या मुठीत होतं.

म्हणून लिहिते आहे. लिहिताना तुम्ही समोर नसता. तुमच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलता यायचं नाही असं मी कुठल्याशा भाषणात म्हणाले होते ना? ते वाक्यसुद्धा खोटंच होतं. मी तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले आहे, आणि ते दोन वर्षं निभावलं आहे.

पण गोष्ट सांगायची तर पहिल्यापासून सांगते, मला मधूनच सांगता येत नाही.

माझी केतकी रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये लागली आणि तिथेच शिफ्ट करणाऱ्या तुमच्या प्रशांतच्या प्रेमात पडली. मी पेणची. घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, देशोदेशी माल जातो. आणि मुलगा कुठला, तर कासूच्या पलीकडच्या खारेपाटातला, आई खाडीच्या बांधावर उघाडी सांभाळते. मी आमच्या ह्यांना विचारलं होतं, "उघाडी सांभाळते म्हणजे नेमकं काय करते हो?" ते म्हणाले, "ओहोटीला फळी उचलते, शेतातलं पाणी बाहेर सोडते. भरतीच्या आत फळी टाकते. नाही टाकली तर खारं पाणी आत येऊन गावाची भातशेती बसली." मी म्हटलं, "म्हणजे वॉचमन." हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल अशी आशा आहे. आता मीच सांगितलं.

लग्नात विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. मी मुलीकडची, म्हणजे मी खाली आणि तुम्ही पाटावर. मी चांदीची परात आणली होती, फोटोग्राफरला कोन सांगून ठेवला होता. तुम्ही पावलं मागे ओढून घेतलीत. भेगांमध्ये काळा चिखल कायमचा बसलेला.

"नको हो विहीणबाई," तुम्ही म्हणालात, "ह्या पायांचा चिखल तुमच्या परातीत उतरायचा नाय. वरवर पानी घाला नि उठा. तुमची साडी महागाची हाय."

मंडपात हशा पिकला. तो हशा तुम्ही मिळवलात, मी नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती लागतं, हे माझ्यासारख्या बाईलाच कळेल.

मग प्रशांतला वेल्समध्ये नोकरी लागली, केतकीही गेली, आणि दोन वर्षांमागे जूनमध्ये दोघांनी आपल्या दोघींना बोलावलं. आमच्या ह्यांना तेव्हा मूर्ती सोडून हलणं शक्य नव्हतं, आणि तुमचे यजमान तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा आपण दोघीच. टेन्बी नावाचं समुद्रकाठचं जुनं गाव, चहूबाजूंनी दगडी तट, आणि तटाच्या आत आठवड्यासाठी घेतलेलं एक कॉटेज. केतकीने फोनवर सांगितलं, "मम्मी, सेल्फ केटरिंग आहे." मी वडखळपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की केटरिंगवाले आहेत, चुलीजवळ जायला नको. पोचलो तर स्वयंपाकघरात एक शेगडी, चार पातेली, आणि टेबलावर दूध, चहा नि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ठेवलेल्या मनुका घातलेल्या जाड चपट्या गोड टिक्क्या. तुम्ही एक मोडून चाखलीत. "घावन जाड झालाय, पन मन लावून केलाय," म्हणालात. मग कंबरेला पदर खोचलात, आणि युद्ध सुरू झालं.

दोन विहिणी आणि एक चूल! मी मुलीची आई, मी मानाने वरमाईला करून घालायचं. तुम्ही म्हणायच्या, घर लेकाने घेतलंय, म्हणजे घर माझं, तुम्ही पाहुण्या. पहिल्या सकाळी मी सहाला उठून खाली आले तर तुम्ही तांदळाचं पीठ उकडत होतात. "झोपा हो, अजून काय उजाडलंय," तुम्ही म्हणालात. तिथे साडेचारलाच लख्ख उजाडतं, विहीणबाई, आणि उजेड संध्याकाळी दहापर्यंत हटत नाही. दिव्याला हात जोडल्याशिवाय तुम्ही जेवणार नाही, आणि दिवेलागण काही होईना. प्रशांत म्हणाला, "आई, आठ वाजले, लाव दिवा." तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवलंत. "सूर्य त्या तटावर बसलाय नि तू मना दिवा लाव सांगतोस? देवाला काय दिसत नाय?" शेवटी केतकीने पडदे ओढले. खोलीत अंधार झाला, तुम्ही दिवा लावलात, आणि पडद्याकडे बघत म्हणालात, "आता देवाला फसवलं तुमी." आम्ही हसून हसून खुर्च्यांवर लोळलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुमची भाकरी आणि सुकटीचं कालवण. सुकट भाजताना छताला लावलेलं ते धुराचं यंत्र असं काही किंचाळलं की शेजारच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या. मी इंग्रजीत दिलगिरी सुरू केली, माझी वाक्यं तयार होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नाक वर करून वास घेतला, आणि तुमच्या शेजारी स्टुलावर बसून भाकरी खाल्ली. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना आपलं काही येत नव्हतं, आणि तासभर तुमचं दोघींचं चाललं होतं. त्यांनी हाताने दाखवलं की त्यांचे वडील वाळूत शिंपल्या वेचायचे. तुम्ही हाताने दाखवलंत की तुम्हीही. मी मधे बसून दुभाषाचं काम मागत होते आणि कुणी देत नव्हतं.

त्यातच केतकी म्हणाली, "आई, अशी भाकरी जगात कुणाला जमत नाही." मला ती मम्मी म्हणते. तुम्हाला आई. भाकरी मीही करते.

संध्याकाळी मुलं निघाली, दोघांना सोमवारी काम होतं. जाता जाता प्रशांतने फ्रिजला लावलेला एक कागद दाखवला. भरती-ओहोटीचा तक्ता. "समोर ते बेट आहे ना, किल्ल्यासारखं, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. जा तुम्ही उद्या. पण वेळ बघून."

"तक्ता कनाला पायजे?" तुम्ही म्हणालात. कनवटीतून दिनदर्शिकेचं फाडून आणलेलं पान काढलंत. "आज नवमी. उद्या दशमी. दहाची पाऊणकी साडेसात. साडेसातला पानी भरलं, तर दीडला पुरती ओहोटी. अकराला निघायचं, पानी उतरत असनार, चांगली दोन-तीन तास वाट मोकळी."

केतकी थक्क झाली. मग तुम्ही मला शिकवलंत, माझीच बोटं धरून. तिथी मोजायची. तिचे चार भाग करायचे, तीन भाग घ्यायचे, ती पाऊणकी. तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. आणि आपली खाडी आत असल्यामुळे गावात वर अर्धा तास धरायचा. "माझ्या सासूने शिकवलं," तुम्ही म्हणालात. "मना अक्षर येत नाय, पन उघाडीची फळी एकदा चुकली नाय."

प्रशांत गाडीत बसता बसता मला म्हणाला, "माई, इथलं पाणी वेगळं असेल. तुम्हाला इंग्रजी येतं, तेवढं तक्त्यावर ताडून बघा हां."

मी ताडून बघितलं, हौसाबाई.

तुम्ही वर दिव्यापाशी होतात. मी फ्रिजसमोर उभी राहून सोमवारच्या ओळीवर बोट ठेवलं. दुपारी पावणेतीनला भरती. तुम्ही म्हणत होतात दीडला ओहोटी. जवळजवळ उलटं. तिथल्या समुद्राचं घड्याळ आपल्या समुद्राहून निराळं आहे, त्यात ना तुमचा दोष ना दशमीचा. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि मी तो कागद चुंबकाखालून काढला, चार घड्या घातल्या, पर्समध्ये टाकला.

का? मी स्वतःला सांगितलं, गंमत. सकाळी आपण ऐटीत खाली जाऊ, जिथे तुम्ही वाळू सांगितलीत तिथे पाणी असेल, मी हसेन, तुम्ही हसाल, फोनवर केतकीला सांगायला एक किस्सा होईल. एवढंच. तुम्ही एकदा तोंडघशी पडायला हव्या होतात. एकदाच, आणि माझ्यासमोर.

पण सकाळी अकराला आपण तटाच्या कमानीतून खाली आलो तर वाळू होती! बेटापर्यंत कोरडी, पिवळी, स्वच्छ. माझा चेहरा पडला. मला वाटलं तक्ताच चुकला, ही बाई इथेही जिंकली. पाणी उतरताना जशी वाळू दिसते तशीच ती चढतानाही दिसते, हे पेणच्या बाईच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं.

बेटाला वळसा घालून आपण मागच्या बाजूला गेलो. खडकांना काळ्या शिंपल्या चिकटलेल्या बघून तुम्ही लहान मुलीसारख्या झालात. चपला काढून बसलात. मग थोड्या वेळाने हात थांबवलात. वाळूवर तळवा ठेवलात.

"विहीणबाई, ही रेती कोरडी कशी हो?"

"ऊन आहे ना."

"ऊन हाय. पन पानी आताच उतरलं तर वली पायजे." तुम्ही समुद्राकडे बघितलंत, आणि मग माझ्याकडे. "तो कागद काय बोलला? तुमी वाचलात ना?"

समोरासमोर विचारलंत. पर्स माझ्या खांद्यावर होती, कागद पर्समध्ये होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड उघडण्यात माझा हात कुणी धरलेला नाही.

"तुम्ही म्हणालात तेच," मी म्हटलं. "दीडला ओहोटी."

तुम्ही मान हलवलीत. तुमच्या हाताखालच्या वाळूपेक्षा तुम्ही माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवलात. पुन्हा शिंपल्या काढायला लागलात. मधून मधून वाळूकडे बघत होतात, पण उठला नाहीत. मला वाटतं, वाळूवर विश्वास ठेवला असता तर विहिणीला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, म्हणून उठला नाहीत.

परत वळसा घालून आलो तेव्हा मधली वाळू नव्हती. हिरवं पाणी दोन्हीकडून येऊन मध्ये एकमेकांत मिसळत होतं, आणि पलीकडे पायऱ्यांवर आइस्क्रीम खाणारी माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. मला पोहता येत नाही. मी तुमच्याकडे बघितलं, आणि तुमचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यावर भीती नव्हती. आपलं नाव कुणी भलत्याच माणसाला लावावं, तसं काहीतरी होतं.

मग तुम्ही लुगड्याचा काष्टा मारलात. "चल गो."

तोवर तुम्ही मला कधी गो म्हणाला नव्हतात.

"मला नाही येणार."

"येनार. आता गुडघाभर हाय. बोलत बसलीस तर गळ्याला येल. माझा हात धर. खाली बगू नको, त्या कुत्र्याकडं बग."

पलीकडे वाळूवर एक म्हातारा कुत्रा घेऊन उभा होता. मी कुत्र्याकडे बघत पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं. मध्यावर ते कमरेला आलं, पायाखालून वाळू सरकायला लागली, माझी चप्पल गेली, खडकाने पाय कापला आणि माझा आवाज गेला. ओरडायलासुद्धा येईना. माझं मनगट तुमच्या मुठीत होतं, आणि तुम्ही तिरक्या चालत होतात, ओढीच्या अंगाने, एक पाय रोवून दुसरा उचलत, बांध फुटल्यावर चालतात तशा. सगळा वेळ बोलत होतात. "आली. आली गो. अजून चार पावलं. माझी पेनची वाघीन हाय." तो म्हातारा बुटांसकट पाण्यात आला आणि त्याने माझा दुसरा हात धरला. काठावर बसल्यावर कुत्र्याने आधी माझं तोंड चाटलं, मग तुमचं.

कॉटेजवर आलो. मी खुर्चीत थरथरत बसले. तुम्ही भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन आलात, जमिनीवर बसलात आणि माझे पाय त्यात घेतलेत. मुलाच्या आईने मुलीच्या आईचे पाय! आपल्याकडे बायकांनी बघितलं असतं तर तोंडावर हात ठेवले असते. वाळू निघाली, रक्त निघालं, तुम्ही बोटांच्या मधली जागासुद्धा धुतलीत. मी म्हटलं, "अहो, काय करताय, उठा."

"ऱ्हाव दे," तुम्ही म्हणालात. "माझ्यामुळं तुला लागलं. माझी पाऊनकी चुकली."

तेव्हा बोलायचं होतं. पाय तुमच्या हातात होते, पर्स दारामागे टांगलेली, पाणी तिच्यातून ठिपकत होतं. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

तुम्ही टब उचललात. मोरीशी पाठमोऱ्या उभ्या राहून तुम्ही बोटांवर मोजत होतात. दोनदा, तीनदा. "नवमीच होती ना काल?" तुम्ही विचारलंत. आणि थोड्या वेळाने, मला नाही, बहुतेक त्या नळाला उद्देशून: "उघाडीवर असं चुकले असते तर सगळ्या गावाच्या ताटात मीठ गेलं असतं."

उरलेले चार दिवस चूल तुम्ही मला दिलीत. मी युद्ध जिंकले.

परत आल्यावर मी काय केलं, तेही लिहिते. मी तो किस्सा मंचावर आणला. हळदीकुंकवाला, मंडळाच्या वर्धापनाला, कुणाच्या डोहाळजेवणाला. "आमच्या विहीणबाईंची पाऊणकी!" तुमची बोटं मोजण्याची लकब, तुमचा काष्टा, माझी गेलेली चप्पल. कुत्र्याचा अभिनय तर मी इतका चांगला करायचे की बायका पुन्हा करा म्हणायच्या. तुम्ही पहिल्या रांगेत असायच्या, पदर तोंडाला लावून हसत. एकदा कुणी विचारलं, "खरंच का हो हौसाबाई?" तुम्ही म्हणालात, "खरं तर हाय. पन ही सांगते तेवा बुडायलापन मजा येते." माझी बाजू तुम्हीच लावून धरायच्या.

मला कळत होतं का? तुमच्या गावची माणसं पूर्वी जाळी टाकायला जाताना तुमच्या दारावरून हाक मारत, "हौसाकाकू, पानी कवा?" तुम्ही चूल न सोडता आतून सांगायच्या. तिकडून आल्यावर तुम्ही सांगायला लागलात, "मोबाइलवर बगा रं, माझं काय खरं नाय." पुढच्या पावसाळ्याआधी उघाडी दुसऱ्या घराकडे दिलीत. गुडघे दुखतात म्हणालात. प्रशांतच्या रोह्यातल्या बंद ब्लॉकमध्ये राहायला गेलात, गाव सोडून दुसरीकडे कधी घर न केलेली बाई. मला सगळ्यांनी सांगितलं, वय झालं. मी पण सगळ्यांना सांगितलं, वय झालं.

मागच्या महिन्यात मी रोह्याला आले होते, तुम्हाला पोह्याचे पापड द्यायला. तुम्ही खिडकीशी बसला होतात. तिथून कुंडलिका नदीचं थोडंसं पाणी दिसतं. तुमची बोटं मांडीवर हलत होती.

"गो, एक विचारू? हसू नको."

"विचारा की."

"ती दशमीच होती ना? का माझं पान फाडतानाच चुकलं? मी लय येळा मोजते. दशमीच येते. मंग पानी उलटं का आलं?"

दोन वर्षं. दोन वर्षं तुम्ही हे मोजत होतात. कागद पर्समध्येच होता, आतल्या कप्प्यात. पर्स बदलली की मी तो नव्या पर्समध्ये घालत आले होते, फेकवत नव्हता आणि दाखववत नव्हता. मी चेन उघडली, हौसाबाई. देवाशपथ उघडली. हाताला पापडांची पुडी लागली. मी ती बाहेर काढली.

"सोडा हो आता ते," मी म्हटलं. "पापड तळू का दोन?"

"तळ," तुम्ही म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं पापडावर संपलं.

अष्टमीला प्रशांतचा फोन आला, तिकडून, रडत, की शेजाऱ्यांनी कळवलंय, आई सकाळी उठलीच नाही. अग्नी पुतण्याने गावीच दिला. मुलं विमानाने कशीबशी काल पोचली, आणि आज तिसरा दिवस. पहाटेच आम्ही सगळे तुमच्या गावी खाडीवर गेलो. अस्थी ओहोटीवर सोडायच्या, पाणी फिरलं की लगेच, म्हणजे ओढ त्यांना थेट समुद्राला नेते. भरतीत सोडल्या तर परत काठाला येतात. हे तिथे सगळ्यांना माहीत. पाणी किती वाजता फिरणार, ते कुणाला माहीत नाही. प्रशांतने मोबाइल काढला, बांधावर रेंज नव्हती. एका म्हाताऱ्याने सवयीने तोंड उघडलं, "अरं, हौसाला विचा..." आणि प्रशांतच्या हातातल्या मडक्याकडे बघून थांबला. उघाडीची फळी खाली होती आणि बाहेरून पाणी तिला लागून चढत होतं.

मी बोटं मोजली. तुम्ही धरली होती तीच बोटं.

"आज दशमी," मी म्हटलं. "दहाची पाऊणकी साडेसात. खाडी आत, म्हणून वर अर्धा तास. आठला पाणी फिरेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रशांत म्हणाला, "माई, पण आईचं तर तिकडे..."

मी पर्स उघडली. या वेळी पापड नव्हते. कागद त्याच्या हातात दिला. समुद्राच्या पाण्याने घड्यांवर विरलेला, पण सोमवारची ओळ अजून वाचता येते. त्याला ओळखायला वेळ लागला नाही, तो त्यानेच फ्रिजवर मला दाखवला होता. मी सांगितलं. बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्याने, माइक नसताना: तिची पाऊणकी कधीच चुकली नव्हती. तिथला समुद्र वेगळा होता, ते मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, आणि तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. कुत्र्याचा अभिनय केला नाही. केतकी माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. प्रशांतने कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्कही माझा नाही. तुम्ही केलं असतंत, आणि तेच मला सोसत नाही. "खुळी गो तू," एवढंच म्हणून पुन्हा चूल मागितली असतीत.

आम्ही थांबलो. पाणी फळीवर एका रेषेला आलं, चढेना. गवताची एक काडी फळीपाशी जागच्या जागी फिरत राहिली, इकडे नाही, तिकडे नाही. मग हळूच समुद्राच्या बाजूला सरकली.

"ठैरलं," तो म्हातारा म्हणाला. "फिरलं." त्याने प्रशांतच्या मनगटावरच्या घड्याळात वाकून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. आठ वाजले होते.

प्रशांत पाण्यात उतरला. त्याच्या मागे मी उतरले, गुडघाभर, चप्पल काठावर ठेवून. कुणी हात धरला नव्हता. खाली बघितलं नाही.

जा गो हौसा. ओढ लागली आहे, आणि तुझी वेळ बरोबर होती.